मागे उभं राहायला कुणीतरी

प्रिय घाईबाई,

या नावाने हाक मारायचा हक्क आता मला नाही, माहीत आहे. पण दुसरं काही लिहून पाहिलं, तर ते सरकारी अर्जासारखं वाटायला लागलं. तेव्हा चालवून घे.

त्या दिवशी फोनवर तू मला नाही नाही ते बोललीस. आपली लेक, आपली आजीबाई, तुझ्याबरोबर परदेशी यायला नाही म्हणतेय, विमान तीन आठवड्यांवर आलंय, आणि तिचे कान मीच भरले असणार, असं तुझं म्हणणं. खरं सांगू? मला आनंद झाला होता. आपली अकरा वर्षांची लेक माझ्यासाठी थांबतेय, या विचाराने दिवसभर दुकानात शीळ घालत होतो. पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या माणसाला ‘हसू नका’ म्हणायचं आणि कॅमेऱ्यामागे स्वतःच हसत राहायचं, असं चाललं होतं. एका गिऱ्हाइकाने विचारलंसुद्धा, आज काय विशेष म्हणून.

त्याच खुशीत शनिवारी तिला घेऊन त्या कड्यांवर गेलो. आपण लग्नानंतर जायचो, तेच. गाड्या लावायच्या जागी आता डांबर झालंय. बाकी काळा खडक तसाच आणि वाराही तसाच आडदांड. पहिल्या टोकापर्यंतची वाट वीस मिनिटांची, दीपस्तंभापर्यंतची तासाभराची. आजीबाईंनी दोन्ही न कुरकुरता पार केल्या, वर माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. चढावर तुझी फार आठवण आली. तू तरातरा पुढे जायचीस आणि वरून ओरडायचीस, “येतोस की तिथेच मुक्काम करतोस?” मग मी ट्रायपॉड लावला, की तुझं बोलणं माझ्या कानांवरून जायचं. “एकच लाट,” मी म्हणायचो. लाट खडकावर फुटते तो क्षण पकडायचा, तर नजर हलवून चालत नाही, हे मी तुला दहा वर्षं समजावत होतो. त्या दहा वर्षांत त्या खडकांवर तू मला काय काय सांगितलंस, त्यातलं एक वाक्य मला आज आठवत नाही. लिहिताना लाज वाटते, पण नाही आठवत.

रात्री तिथेच राहिलो. रविवारी सकाळी भरती चढत होती. तिला वर बसवून मी खालच्या सपाट खडकावर उतरलो आणि नेहमीसारखा स्वतःला विसरलो. मध्येच शर्टाला मागून जोरात ओढ बसली. “बाबा, मागे!” मी वैतागून चार पावलं सरलो आणि मी उभा होतो तिथून कमरेएवढं पाणी धाडकन निघून गेलं. ती मात्र शांत होती, रोजचंच काम केल्यासारखी. म्हणाली, मी दर वेळी येऊन मागे उभी राहते, तुला कळत नाही. मी तिला रागवायला हवं होतं, ते राहूनच गेलं. मग वर जाऊन डबा उघडताना ती अगदी सहज म्हणाली, “मी आईबरोबर गेले तर तुला ओढणार कोण?”

कारण एवढंच आहे, घाईबाई. तिला यायचंय. तिथल्या शाळेचा फोटो तिने वहीत चिकटवलाय, मला दाखवलासुद्धा. माझ्यावाचून करमणार नाही म्हणून ती थांबत नव्हती, मी बुडेन म्हणून थांबत होती. माझं पोर माझ्या राखणीला बसलंय आणि मी शीळ घालत होतो. मी म्हटलं, आजपासून लाटांचे फोटो बंद. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “असं तू आईलापण सांगायचास.” मी डबा बंद केला.

म्हणून मी खोटं बोललो, आणि त्यासाठीच हे पत्र. मी तिला सांगितलं की माझ्या आयुष्यात एक बाई आली आहे, इथून पुढे माझ्याबरोबर तीच कड्यांवर येणार आहे. तिने एकच विचारलं, त्यांना पोहता येतं का? मी म्हटलं, उत्तम. परतीच्या वाटेवर ती एकटीच पुढे चालत राहिली, माझा हात धरला नाही. गाडीत बसल्यावर विचारलं, विमानाला किती दिवस राहिले. आज-उद्या ती तुला ‘मी येते’ म्हणेल आणि का तेही सांगेल. तेव्हा तिच्यासमोर मला हव्या तेवढ्या शिव्या दे, तिला माझा राग येऊ दे. अशी कुणी बाई नाही, घाईबाई. तू गेल्यापासून कुणीच नाही. पण आजीबाईने तुला विचारलं, तर एवढं कर माझ्यासाठी. सांग, की तू त्या बाईंना भेटली आहेस, आणि त्यांचं माझ्याकडे नीट लक्ष असतं.

तुझाच,
आजीबाईचा बाबा