मुळासकट केस

सोमवार, ३ मार्च

घोडीची आई कोण, हे आता केसावरून कळतं म्हणे! घोड्यांचे डॉक्टर सांगत होते — आयाळीचे केस मुळासकट उपटायचे, लॅबला पाठवायचे. तिथे मायलेकींचं नातं निघतं. माझ्या सुनेला पंधरा वर्षांत माझं नातं उमगलं नाही, ते सोड! हसू नकोस, नातीबाई, मी सांगते ते लिही.

मालक राणी घोडीची लेक विकतायत. घेणाऱ्याला पुरावा हवाय. परवा केस घेणार.



मंगळवार, ४

नातीला म्हटलं, दार लाव. बापाजवळ बोललीस तर वेणी मुळासकट!

बारा वर्षं झाली. तबेल्यातली बाळंतपणं माझ्याकडे असायची. एका पहाटे दोघी व्याल्या — मालकांची लाडकी राणी, आणि पाण्याचा गाडा ओढणारी भुरी. राणीचं शिंगरू मेलेलंच आलं. मालकांनी बजावलं होतं, "राणीच्या शिंगराला काही झालं तर तुम्ही मायलेक दोघं बाहेर!" मुलगा तेव्हा नुकता कामाला लागलेला.

मेलेल्याचं कातडं सोलून मी भुरीच्या शिंगराला बांधलं. राणीनं हुंगलं, चाटलं, पाजलं. मेलेलं पोत्यात घातलं, तोंड शिवलं, "भुरीचं गेलं रे" म्हणत मुलाच्या हातात दिलं. त्यानं पुरलं. जन्माच्या कागदावर सहीही त्याचीच.

भुरी तीन दिवस खिंकाळत होती.

बुधवार, ५

राणीचं पाकीट डावीकडे, लेकीचं उजवीकडे. अक्षर येत नसलं तरी डावं-उजवं येतं मला! डॉक्टर हात धुवायला गेले, तेवढ्यात राणीचे केस माझ्या मुठीत, आधीच उपटून ठेवलेले भुरीचे पाकिटात. दोघींची आयाळ काळीच. आता मायलेकी जुळणारच!

मग मुलानं पाकिटं चिकटवली, वर सही केली. माझ्याकडे बघितलंही नाही.

शनिवार, १५

भुरी दारातून मान काढून लेकीकडेच बघत होती. मी दार लोटलं.

बुधवार, १९

निकाल आला. मुलानं वाचला — "लेक याच आईची." मी हुश्श करणार, तोच पुढची ओळ! — "परंतु ही घोडी राणी नव्हे." राणीचे केस लॅबच्या दप्तरात तिच्या नोंदणीपासून आहेत. एकेक घोडी वेगळी ओळखू येते, माणसाच्या अंगठ्यासारखी. हे मेलं कुणी सांगितलंच नव्हतं!

मालक एवढंच म्हणाले, "पाकिटावर सही कुणाची? उद्या पोलिसांना बोलावतो."

गुरुवार, २०

मालकांकडे जायला चपला घालत होते. मुलगा तिकडूनच आला. मागे पोलिसांची जीप.

"केस मी बदलले म्हणून सांगितलंय."

मी नातीकडे बघितलं. तिनं मान हलवली — मी नाही!

"तिला कशाला बघतेस, आई? पुरताना पोतं फाटलं होतं. आतल्याला कातडं नव्हतं."