दृश्यता : फाटकापर्यंत

सोमवार, ४
सकाळी ८.०० – किमान १४.२, पाऊस निरंक, वारा मंद, दृश्यता : डोंगर.

अखेर स्वतःची खोली मिळाली. अकरा महिने लेकीच्या घरी सोफ्यावर काढले. जावई सज्जन आहे, पण मी सोफ्यावर बसले की तो उभा राहायचा, आणि मी दिवसभर बसलेलीच. गेल्या आठवड्यात लेकीशी वाजलं, तिला म्हटलं, तुझ्या घरात मी म्हणजे नको असलेलं फर्निचर. ती रडली. मी बॅग भरली.

इथे भाडं नाही, अनामत नाही. मालकीणबाई खाली राहतात, मी वरच्या खोलीत, आणि सतरा पायऱ्या चढल्या की गच्ची. अट एकच. बाईंचे यजमान भूगोलाचे मास्तर होते. त्यांनी गच्चीवर हवामानाची यंत्रं मांडून एकतीस वर्षं रोज सकाळी आठला नोंद केली. आता ते नाहीत, तर ती मी त्यांच्या नोंदवहीत करायची; बाकीचं सगळं या माझ्या वहीत. रकाना कोरा राहिला तर त्याच दिवशी खोली खाली करायची. सत्तावीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून लोकांच्या चुका काढल्या, आता पावसाच्या काढीन.

पावसाचं नरसाळं, झडपांच्या पांढऱ्या पेटीत तापमापक, आणि दांड्यावर वातकुक्कुट. या घरातला तो एकमेव पुरुष, आणि तोही वारा येईल तिकडे तोंड फिरवणारा.

बुधवार, ६
किमान १३.८, पाऊस निरंक, वारा मंद, दृश्यता : डोंगर.

दृश्यतेची गंमत आहे. त्यासाठी यंत्र नाही, डोळेच. कठड्यावर मास्तरांनी पत्र्याची यादी ठोकली आहे : फाटक ३० मीटर, बसथांबा २५०, पाण्याची टाकी १२००, गिरणीची चिमणी ३ किलोमीटर, डोंगर ८. यातलं सर्वांत लांबचं जे दिसेल ते लिहायचं. खाली तांबड्या अक्षरांत : ‘उभे राहून, पाहून लिहावे. न पाहता लिहू नये.’ मास्तरकी रक्तातून जात नाही. डोंगर काय रात्रीतून बदली घेऊन जाणार आहे?

बाई चहा वर पाठवत नाहीत, खाली बोलावतात. खुर्ची कायम खिडकीकडे पाठ करून. पडदे जाड. मी पडदा सारायला गेले तर म्हणाल्या, राहू द्या, मला बघण्यासारखं काही नाही. वरून बघूनच लिहिता ना, एवढं मात्र दोनदा विचारलं. मी म्हटलं, अहो, बघण्याचाच धंदा होता माझा.

शनिवार, ९
किमान १३.१, पाऊस निरंक, वारा नाही, दृश्यता : डोंगर.

लेकीचा फोन. दोघीही आधी हवेबद्दल बोललो, आणि इथे तर ती माझी नोकरीच. मग तिने विचारलं, राग गेला का. मी अट सांगितली, एक दिवस चुकला तरी आई रस्त्यावर, म्हणून इथून हलता येत नाही. म्हणाली, मग मीच येते, पुढच्या रविवारी, सतराला, सकाळच्या पहिल्या बसने. फोन ठेवताना म्हणाली, “आई, तू फर्निचर नव्हतीस गं.”

मी बराच वेळ उगाच तापमापक पुसत बसले.

मंगळवार, १२
किमान वरीलप्रमाणे, पाऊस वरीलप्रमाणे, दृश्यता वरीलप्रमाणे.

रविवारपासून ताप. उशीखाली नोंदवही, आठ वाजले की पडल्या पडल्या ‘वरीलप्रमाणे’. तीन दिवस तेच. हा शब्द ज्याने काढला त्याचं भलं होवो, अर्धी कचेरी त्यावर पगार घेते. बाईंना सांगितलं, बघूनच लिहिलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

बुधवार, १३
किमान १२.६, पाऊस निरंक, वारा नाही, दृश्यता : चिमणी.

ताप उतरला. गच्चीवर गेले. डोंगर नाही.

धुकं नाही, ढग नाही. चिमणीची वीट न् वीट दिसते आणि तिच्यामागे सपाट आकाश, इस्त्री केल्यासारखं. चष्मा पुसला. चष्म्याचा दोष असता तर चिमणीही गेली असती. दूधवाल्याला विचारलं. त्याने किटलीनेच दिशा दाखवली, हा काय, कुठे जातोय, ताई, तापात डोळे उतरतात. त्याच्या किटलीच्या टोकाला आकाशच होतं.

गुरुवार, १४
किमान १२.६. दृश्यता : टाकी.

चिमणी गेली. काल नोंदवहीत ‘चिमणी’ खोडून ‘डोंगर’ लिहून पाहिलं होतं. त्याने काही परत आलं नाही.

सरळ रस्त्याने चालत निघाले. बसथांबा, मग टाकी. टाकीला हात लावला, गार होती. तिच्यापुढे रस्ता होता, तसाच चालत राहिले, वळण एकही नाही. वीस मिनिटांनी समोर एक फाटक आलं. आमचंच. बाई आत पाठ करून बसलेल्या.

शुक्रवार, १५
१२.६. दृश्यता : बसथांबा.

टाकी नाही. फोनला रेंज नाही. लेकीला ‘येऊ नकोस’ लिहिलं, गेलं नाही. मग ‘लवकर ये’ लिहिलं. तेही गेलं नाही.

बाईंना धरून बसवलं. त्यांनी सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. मास्तरांनीही तापात एकदा न पाहता लिहिलं होतं. तसं लिहून मग पहिल्यांदा वर जाऊन बघितलं, की त्या दिवसापासून रोज सकाळी एकेक खूण जाते, लांबून जवळ. जग जात नाही, ज्याने लिहिलं त्याचं जातं. सर्वांत शेवटी फाटक, आणि मग तो माणूस लोकांना दिसत नाही. मास्तरांचा भाऊ आला होता. गच्चीवर फिरून, हाका मारून निघून गेला.

आधी का नाही सांगितलंत, म्हणून मी ओरडले. बाई म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुम्ही राहिला असतात? आणि रकाना कोरा ठेवला की हे रात्रभर वर चालतात.”

पाठ का करून बसतात ते कळलं. न बघणाऱ्याचं काही जात नाही.

बसमध्येही चढून पाहिलं. पुढच्या थांब्यावर उतरले. तो हाच थांबा.

शनिवार, १६
दृश्यता : फाटक.

थांबा गेला. फाटकापलीकडे नुसता उजेड.

दूधवाला त्या उजेडातून आला. मी पायरीवर उभी. हाक मारली, बाही ओढली. त्याने खांदा झटकला, माशी बसल्यासारखा. पायरीवरच्या भांड्यात दूध ओतलं, शीळ घालत गेला.

बाईंनी एकच कप मांडला. माझ्याकडे तोंड होतं त्यांचं, नजर नव्हती. फाटक असूनही. म्हणजे हे हळूहळूच –

गच्चीवर बाकावर एक गृहस्थ बसले आहेत. राखाडी स्वेटर, कोपरावर ठिगळ. मी घाबरण्याऐवजी नमस्कार केला. सवय. त्यांनीही केला. आणि सरकून जागा दिली.

मी बसले नाही.

मास्तरांना विचारलं, उद्या लेक येते, तिचा हात धरून बाहेर पडता येईल का. त्यांनी यादीतल्या फाटकावर बोट ठेवलं. मग म्हणाले, फाटकावर डोळा ठेवा. नजर आहे तोवर टिकतं.

रविवार, १७
वहीकडे न बघता लिहिते आहे. ओळी चढत असतील. डोळे फाटकावर.

बसचा हॉर्न. बस दिसत नाही, ऐकू येते –

आली. उजेडातून आली. निळी ओढणी, हातात डबा. फाटक लावून घेतलं तिने, दोनदा, लहानपणीसारखं. आठला दहा कमी.

बाईंशी बोलते आहे. बाई सांगताहेत, वर असतील, नोंदीची वेळ झाली. नका सांगू. नका –

पायऱ्या. बारा, तेरा. सतरा.

“आई?”

मी समोर आहे. हाताच्या अंतरावर. तिच्या केसांत बसच्या धुळीचा वास. ती माझ्यातून वातकुक्कुटाकडे बघते आहे. फाटकावरची नजर सुटली – असू दे, गेलं तर गेलं – हात धरला तिचा. तिने हात ओढणीत गुंडाळला. थंडी वाजली तिला.

आठ वाजले. गच्चीतल्या टेबलावर मास्तरांची नोंदवही उघडी. आजचा रकाना कोरा.

नको.

स्वतःशीच बोलते आहे, “विसरली वाटतं. घर जायचं तिचं.” पेन घेतलं. माझ्यासाठी. माझी खोली वाचवायला –

बाळा, मान वर कर. डोंगर बघ. तुला दिसतोय तो, तुझा आहे अजून. बघ आणि मग लिही. एकदाच मान वर –

मान खालीच. वरच्या ओळी वाचते. माझ्याच. किमान वरीलप्रमाणे. हसली. आईचा आळस, म्हणाली.

मास्तर बाकावर सरकले. तिघांची जागा झाली.

हिला नाही मास्तर, हिला –

‘व’ काढला. अक्षर अगदी माझ्यासारखं. आता ‘री’. पेन धरते मी, घट्ट, तिच्या बोटांवर माझी बोटं, तिचं बोट माझ्या बोटातून