काळ्या गाईच्या घशात बटाटा नव्हता

प्रति,
मा. पशुआरोग्य अधिकारी,
प्रांतिक कार्यालय, आपुरिमाक.

विषय: वटवाघळांच्या चाव्याने गुरांना होणारा रेबीज व त्याअनुषंगाने एका लसीची मागणी.
संदर्भ: आपल्या कार्यालयाचा कालचा तोंडी नकार.

महोदय,

वायकोपाता येथील गुरेपालक सातुर्निनो पानिउरा सविनय सादर करतो की,

१. एप्रिलमध्ये आपल्या पथकाने आमच्या गोठ्याभोवती जाळी लावून रक्तपिपासू नऊ वटवाघळे धरली, पाठीला विषारी मलम चोपडून जिवंत सोडली. गुहेतली बाकीची तो मलम चाटून मरतात, हे मला समजावले होते व समजलेही होते. परंतु वासराच्या मानेवर रोज ओले रक्त पाहिलेल्या माणसाचा हात आवरला नाही. पाच वटवाघळे मी काठीने मारली. गुन्हा कबूल आहे.

२. गेल्या आठवड्यात काळी गाय लाळ गाळू लागली, गिळेना. आपले तंत्रज्ञ श्री. वाल्येनास यांनी कुंपणाबाहेरूनच निदान केले, "बटाटा अडकलाय घशात. हात घालून काढा." माझी पत्नी सिप्रियाना म्हणाली, "तुझा पंजा केवढा! सर बाजूला, मी बघते." तिने कोपरापर्यंत हात घातला. बटाटा नव्हता. दाताने मनगट मात्र खरचटले. चौथ्या दिवशी मागचे पाय लुळे पडून गाय मेली.

३. मी दवाखान्यात पत्नीसाठी लस मागितली. परिचारिका म्हणाल्या, "आधी गाईचा रिपोर्ट आणा, मग बाईंचं बघू." गाईचे डोके तपासणीसाठी बर्फात घालून काल आपल्याकडे आणले, तर वटवाघळे मारून मोहिमेत अडथळा आणणाऱ्याचा नमुना घेता येत नाही, असे सांगण्यात आले. वटवाघळे मी मारली, हात तिने घातला. मग शिक्षा तिला का, हे मला कळत नाही.

४. माझ्या उरलेल्या सहा गुरांना परवा आपल्या पथकाने कोणताही कागद न मागता लस टोचली. आभारी आहे. यादीत मेलेल्या गाईची ओळ रिकामी आहे. तेथे सिप्रियानाचे नाव घ्यावे. वय ४१, रंग सावळा. कानात बिल्ला नाही, नियम असल्यास मारून घेऊ. लस गुरांची असली तरी चालेल.

५. हे न जमल्यास डोके तरी स्वीकारावे. आज पुन्हा आणले आहे, बर्फ दुपारपर्यंत टिकेल. सिप्रियानाला वाटते, मी गुरांसाठीच हिंडतो आहे. रोज सकाळी मी तिला पाण्याचा पेला देतो आणि घोट उतरेपर्यंत तिच्या गळ्याकडे पाहत राहतो. आज तिने विचारले, "असा काय बघतोस रे?"

आपल्या दाराशी उभा, नम्र अर्जदार,
सातुर्निनो पानिउरा
(अंगठा व सही)
दि. १४ जून, सकाळी ९