तुझ्या पाठीवरचं नाव

सुराबाया बंदर
११ ऑगस्ट

ताहेरदादास,

सलाम. मी ठीक आहे. तूही ठीक असशील, पेपरात फोटो बघतोच. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तुझ्या मॅनेजरने उचलला आणि विचारलं, "कोण बोलतंय?" काय सांगू त्याला? म्हणून पत्र.

शनिवारची मॅच गोदीजवळच्या खानावळीत बघितली. ताटातलं सोयाबीनचं टेम्पे करपलेलं होतं, ते जाऊ दे. ऐंशीव्या मिनिटाला त्यांचा तो ब्राझीलवाला एकटाच सुटला. तू मागून आलास, आडवा घसरलास, त्याच्या पायाला न लागता नुसता बॉल काढलास. अख्खी खानावळ उठून ओरडायला लागली, "महदी! महदी!" शेजारचा हमाल मला म्हणाला, "तुझंही नाव तेच ना रे? जरा नावाला तरी जाग." मी त्याची गचांडी धरली. त्या बिचाऱ्याची काय चूक?

दहा वर्षांपूर्वी बाबांनी कपाटातून कागद काढला तेव्हा मी तिथंच उभा होतो. तू सतराचा, मी चौदाचा. पंधरा वर्षांखालच्या संघाची निवड होती. माझा जन्मदाखला तुझ्या खिशात गेला. कोच म्हणाले, सगळेच करतात, एका हंगामापुरतं. तुझा दाखला बाबांनी चुलीत घातला, पुढेमागे कुणाला सापडायला नको. आई त्याच चुलीवर सागूच्या पिठाचा पापेदा घोटत होती, ती घोटतच राहिली. मी तुझ्यापेक्षा जोरात पळायचो, हे कुणी बोललं नाही.

मला दाखल्याशिवाय शाळेनं परीक्षेला बसू दिलं नाही. सतराव्या वर्षी ओळखपत्र काढायला गेलो, तर माझ्या नावापुढे तुझा फोटो. मग टुनाच्या बोटी, मग बितुंग बंदर, मग इथं. लोक म्हणतात याच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी कसली! कागद मागितला की निघावं लागतं.

दरवर्षी तू म्हणालास, एवढा हंगाम होऊ दे, मग सरळ करतो. दहा हंगाम झाले. आता पेपरवाले लिहितात, वय फक्त चोवीस, राष्ट्रीय संघात नक्की. सत्तावीस वर्षांच्या माणसा, हे वाचताना तुला हसू येतं का रे?

एक गोष्ट लिहायची टाळत होतो. माझं लग्न झालंय. नुराइनी तिचं नाव, मासळीबाजारात असते. निकाह इमामांनी लावला, पण सरकारी वहीत नोंद नाही, कारण माझा कागद नाही. दोन महिन्यांची मुलगी आहे आम्हाला. मंगळवारी तिचा दाखला मिळाला, त्यात फक्त आईचं नाव. मी नोंदणी कचेरीच्या खिडकीतल्या बाईंना म्हटलं, बाप मी आहे, हा इथं उभा आहे. त्यांनी संगणकात बघितलं.

"हा महदी तर फुटबॉल खेळतो. तुम्ही कोण?"

मागे रांगेत लोक हसले. नुराइनीने पोरीला ओढणीआड घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवारी मी त्याच खिडकीवर जाऊन सगळं लिहून देणार आहे. बाबांचं, कोचचं, तुझं. तुझ्यावर बंदी येईल, आई शिव्या घालेल, बाबा दार लावून घेतील, ठाऊक आहे. तू स्वतः आलास तर आधी तू बोल, एवढा थोरल्याचा मान राखतो. नाही आलास तरी मी खिडकी उघडायच्या आधी तिथं असेन.

मुलीचं नाव विचारू नकोस. आधी तिच्या बापाचं लिहून होऊ दे.

तुझा सख्खा धाकटा भाऊ,
महदी