ट्यूबलेस होईपर्यंत राइड नाही

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून ट्यूब बंद. निर्णय झाला.

कारण हरिपूरकडची मळ्याची वाट. बाभळीचे काटे. आधी मागचं चाक बसलं, ते काढतोय तोवर पुढचं. आमचं पहाट सायकल मंडळ (संस्थापक-अध्यक्ष मी) बांधावर बसून राहिलं. बाळासो म्हणाला, शेठ, तुमचं पंक्चर निघंस्तवर आमची मेंढरं कोकणात जाऊन परत येत्याली. सगळे हसले. मीही हसलो. अध्यक्षाला हसावं लागतं.

बाळासो जतकडचा, फौजेतून रिटायर, माझा जुना दोस्त. काळी, दांड्याची, वजनदार सायकल चालवतो. तिला पंक्चर होत नाही. काट्यालाच तिची भीती वाटत असावी.

साताऱ्याला मेहुण्याला, गोमटेशला, फोन केला. तो म्हणाला, दाजी, ट्यूबलेस करा. आत ट्यूबच नाही, नुसतं सीलंट नावाचं पांढरं दूध. काटा घुसला की दूध भोकाशी येतं, गोठतं, भोक बंद. तुम्हाला कळतसुद्धा नाही.

हे माझ्यासाठीच आहे. ज्यानं सायकलला ठिबकच्या नळीची भेंडोळी बांधून गावोगाव धंदा केला, ज्याचं आज मार्केट यार्डात दुकान आहे, जो बांधावर उभा राहून द्राक्षबागेतली गळती नुसत्या कानानं सांगतो, त्याला एका टायरची हवा कोंडता येणार नाही?

मंडळाच्या ग्रुपवर जाहीर केलं : १६ तारखेला सातारा ते वाई, कालव्याकडेच्या मातीच्या रस्त्यानं. नेतृत्व माझं.

बायको, दीपाली, म्हणाली, मला पण न्या की कधीतरी. शिकवा नीट. म्हटलं, टायर होऊ दे.

४ फेब्रुवारी
टायर निवडणे. यूट्यूबवर तीन गोरे आणि एक पंजाबी यांची मतं ऐकली. कुणाचं कुणाशी जमत नाही.

गोमटेश म्हणतो चाळीस मिलिमीटर पुरे. त्याचं ऐकलं नाही. पाइप जितका जाड तितकं पाणी चांगलं चालतं, हा आयुष्याचा अनुभव. पन्नासचे मागवले. नक्षी मगरीच्या पाठीसारखी.

सीलंटच्या कंपनीला फोन करून विचारलं, यात प्राण्याचं काही आहे का. आम्ही जैन, आमच्या घरात विचारावं लागतं. तिथली पोरगी म्हणाली, नाही सर, रबराच्या झाडाचा चीक आहे. मी विचारलं, आणि कंद? तिनं प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाली, सर, हे टायरमध्ये घालायचं आहे.

तेवढं मलाही कळतं.

७ फेब्रुवारी
पन्नासचा टायर फ्रेमला घासतो. चाक अर्धा फेरा फिरतं आणि थांबतं. सायकल बनवणाऱ्यानं जागा ठेवताना हात आखडला आहे.

टायर परत पाठवले. चाळीसचे मागवले. माझं पहिल्यापासून तेच मत होतं.

१० फेब्रुवारी
चाळीसचे आले. उद्या बसवणार. अर्ध्या तासाचं काम.

पहाटे गल्लीतून कुणाची तरी सायकल गेली. चेन कोरडी. टिक-टिक-करर्. दूधवाला असणार. एकदा बोलावून तेल घालायला सांगितलं पाहिजे. माणसं आपल्या वस्तूचा आवाज ऐकतच नाहीत.

११ फेब्रुवारी
बसवला.

सोबत रिमवर चिकटवायची टेप आली होती. जाड, पिवळी, बघूनच भरवसा वाटला नाही. मी आपली टेफ्लॉन टेप गुंडाळली, पांढरी, नळाच्या आट्यांना लावतो ती. अर्ध्या तासगाव तालुक्याची गळती या टेपनं थांबवली आहे. सात-आठ वेढे दिले. व्हॉल्व्ह घट्ट केला, सीलंट ओतलं, पंप मारला.

जिथं जिथं स्पोक, तिथून तिथून दूध. अंगणात पितळी झारी फिरवल्यासारखं.

दीपालीच्या कपड्यांच्या टपात चाक बुडवून बुडबुडे शोधले. शोधावे लागले नाहीत. एवढ्यात दिवस मावळला. पंधरा वर्षांचा नेम आहे, मावळल्यावर जेवण नाही. दीपाली ताट झाकत म्हणाली, तुमच्या टायरला तरी पोट भरून पाजलंत.

टेफ्लॉनची क्वालिटी अलीकडे उतरली आहे. ज्या कंपनीला मी एवढं वर काढलं, तिनं असं करावं.

१२ फेब्रुवारी
पिवळी टेप लावली. (ती लावायचीच होती. काल चाचणी होती.)

आता नवीनच. टायरची कडा रिमच्या खोबणीत बसत नाही. हातपंपानं हवा आत जाते आणि शेजारून बाहेर येते. बाळासो आला होता. बघत उभा राहिला. म्हणाला, शेठ, ट्यूब घाला आन् मोकळं व्हा की. म्हटलं, बाळासो, तुझ्या तोंडून मला ही अपेक्षा नव्हती.

दीपालीचे गुडघे दुखतात. बाम लावून बसली होती. हळदीकुंकवाला जिने चढून चढून झालं असणार.

१४ फेब्रुवारी
चाक घेऊन ट्रॅक्टरच्या टायरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, शेठ, कंप्रेसर घरी न्या, मला गिऱ्हाईक आहे. नेला. गच्चीवर जोडला, कारण अंगणात वीज नाही.

एक धडाका झाला. मागच्या टायरची कडा बसली! असला गोड आवाज मी ऐकलेला नाही. मग पुढचं चाक जोडलं. दुसरा धडाका. पुढचा टायर रिमवरून उडाला.

गच्चीवर पापड वाळत होते, याची मला कुणी कल्पना दिली नव्हती.

दीपाली पापड एकेक उचलून बघत होती. मी म्हटलं, रबराच्या झाडाचा चीक आहे, वनस्पतीच आहे. तिनं पापडांची चादर चार कोपऱ्यांनी उचलली आणि खाली नेली.

१५ फेब्रुवारी
एक चाक तयार, एक नाही. एका चाकावर नेतृत्व होत नाही. अध्यक्षीय अधिकारात राइड २३ तारखेला ढकलली. ग्रुपवर लिहिलं : सर्वांचे टायर महत्त्वाचे.

गोमटेशनं लिहिलं, दाजी, बाकीच्यांचे टायर बरे आहेत.

१८ फेब्रुवारी
दोन्ही चाकं बसली! रात्रभर हवा टिकली तर इतिहास.

दूधवाल्याच्या चेनचा आवाज बंद झाला. आता नुसती सुर्र अशी गेली. तेल घातलं वाटतं. माझ्या मनात आलं आणि त्यानं केलं. माझ्या तेलाची बाटली मात्र निम्मी झाली आहे. सांडली असेल.

१९ फेब्रुवारी
सकाळी दोन्ही चाकं सपाट.

गोमटेश विचारतो, दाजी, बाटली हलवली होती ना? बारीक कण असतात ते तळाला बसतात. नुसतं वरचं पाणी ओतलंत तर भोक कशानं बुजणार?

बाटलीवर हे लिहिलं आहे. पण तळाला, आणि इतक्या बारीक अक्षरात, की माणसाचा विश्वासघात करायचाच म्हणून लिहिलं असावं.

२१ फेब्रुवारी
राइड पुन्हा पुढे. या वेळी तारीखच दिली नाही. लिहिलं : ट्यूबलेस होईपर्यंत राइड नाही. अध्यक्ष.

सगळ्यांचे अंगठे लगेच आले. एकानंही कुरकुर केली नाही. ही शिस्त मी लावली.

२४ फेब्रुवारी
आज जे ऐकलं ते इथं लिहितो, इतर कुठं बोलणार नाही.

दुकानाच्या मागं पाइपांच्या ढिगाआड बाळासो फोनवर बोलत होता. आवाज दाबून. पण माझे कान. तो म्हणत होता, व्हय वैनी. रविवारीच. वाईच्या घाटावर. हार मी घेतो, झेंडूचा. शेठला कळाय न्हाई पायजे बगा, कळलं तर सगळं मुसळ केरात.

वैनी म्हणजे दीपाली. हार म्हणजे सत्कार. घाट म्हणजे वाई. सत्कार कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. मंडळाला या आठवड्यात तीन वर्षं होतात.

दोस्त असावेत तर असे. ट्यूब घाला म्हणाला होता, ते मी माफ केलं.

२६ फेब्रुवारी
बाळासो दुकानाचा पिकअप मागायला आला. शनिवारी पायजे, पावण्यांची मेंढरं साताऱ्याकडं न्यायची हाईत. किती, विचारलं. सहा, म्हणाला आणि वर बघू लागला. दिला. सत्काराच्या खुर्च्या न्यायच्या असणार, तेवढं न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. वर टाकी भरून दिली.

भाषणाची तयारी. सुरुवात : मी एक साधा माणूस.

२७ फेब्रुवारी
सीलंट दुसरं आणलं. हलवलं. पाळण्यातल्या पोराला इतकं कुणी हलवलं नसेल. हवा टिकली.

दीपाली शनिवारी माहेरी साताऱ्याला जाते म्हणाली, आईचे पाय दुखतात. जा म्हटलं. चेहरा कोरा ठेवला. तिनंही ठेवला. संसारात इतका मेळ दुर्मीळ.

तिचे हात मात्र कोपरापर्यंत काळवंडले आहेत. गच्चीवर पुन्हा पापड घालते, त्याचं ऊन.

१ मार्च, शनिवार
दीपाली गेली. पिकअप गेला.

आमच्या पोरीची, ब्राह्मीची, कॉलेजातली जांभळी सायकल जिन्याखाली दिसत नाही. पुढं जाळीची बास्केट असलेली. दीपालीनं भंगारात काढली असावी. पोरगी पुण्यात नोकरीला लागली, आता कोण चालवतंय. अडगळ गेली.

बेत असा : ऐन वेळी ते मला गाडीत घालून वाईला नेणार. सत्कारमूर्ती गाडीतून उतरणार? नाही. मी पहाटेच साताऱ्याला जाऊन कालव्यानं सायकलवर वाई गाठणार. ट्यूबलेसवर. भाषण जर्सीच्या मागच्या खिशात.

२ मार्च, रविवार. रात्री.
मोटार साताऱ्याला लावून निघालो. पहिला तास सोन्याचा. टायर मातीवर भाकरी थापल्यासारखे आवाज करत होते.

मग बाभळ. चाकाकडे बघितलं तर मागच्या टायरला सात-आठ काटे टोचलेले. हवा जशीच्या तशी! सीलंट काम करत होतं! आनंदानं उतरलो आणि सगळे काटे चिमट्यानं नीट उपटून काढले. घाण ठेवायची मला सवय नाही.

सगळ्या भोकांतून एकदम दूध. तोंडावर, जर्सीवर, भाषणावर. फोनवर गोमटेश ओरडला, दाजी, काटे का काढले? आत राहू द्यायचे असतात! मागं कुणीतरी हसत होतं. आवाज ओळखीचा. मी फोन ठेवला.

मग चालत निघालो.

ऊस, पाण्याची मोटर, ऊस. मग समोरून, वाईच्या बाजूनं, सायकली येताना दिसल्या. सहा. सगळ्यांत पुढं जांभळी. तिच्या बास्केटला झेंडूचा हार, बास्केटमध्ये स्ट्रॉबेरीचं खोकं, आणि सीटवर दीपाली. पंजाबी ड्रेस, पायात माझे जुने बूट, डोक्याला माझंच जुनं हेल्मेट. मागं गोमटेश, त्याच्या मागं काळ्या सायकलीवर बाळासो. त्यामागं उरलेलं मंडळ.

म्हणजे मेंढरं ही.

सगळे उतरून आपापल्या चेनकडं बघू लागले. शेवटी बाळासोच म्हणाला, शेठ, वैनींची पयली लांबची राइड हुती. तुमी राइड न्हाई म्हनला, मग आमी मंडळ म्हनून न्हाई, आपलं असंच आलो.

मी विचारलं, दीपाली, हे कधीपासून? ती म्हणाली, तुम्ही टायर होऊ दे म्हणालात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. बाळूभाऊजींनी शिकवलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आधी माझे टायर बदलले असते.

मी वाकून जांभळीचा पुढचा टायर अंगठ्यानं दाबून बघितला. हवा बरोबर होती.

मग तिनं बास्केटमधली स्ट्रॉबेरी बाजूला केली आणि खालून एक ट्यूब काढली. माझ्या चाकाची. चाळीसची. म्हणाली, मला वाटलंच होतं तुम्ही मागनं येणार. बाळासोनं बसवली. मी पाठ करून कालव्याकडे बघत होतो. ऐकू मात्र सगळं येत होतं.

बाळासोनं पिकअपची किल्ली परत द्यायला हात पुढं केला. शेठ, टाकी भरून दिली म्हणून लय उपकार, म्हणाला. मी किल्ली घेतली नाही. मग घेतली.

साताऱ्यापर्यंत दीपाली माझ्या पुढं होती. हार वाऱ्यानं उडत होता. दोनदा मागं वळून बघितलं तिनं. तिसऱ्यांदा वळली नाही.

३ मार्च
ग्रुपवर लिहिलं : ट्यूबलेस प्रयोग पूर्ण यशस्वी. टायर दगडासारखा. अध्यक्ष.

टायर खरंच दगडासारखा आहे. आत ट्यूब आहे हे सहा जणांना माहीत आहे, आणि ग्रुपवर त्या सहांच्या बाहेरचा फक्त मी आहे. सगळ्यांनी अंगठे दिले.

पहाटे जागा झालो. शेजारची गादी गार. गल्लीतून सुर्र करत सायकल गेली.

आमच्या गल्लीत दूधवाला येत नाही. सगळ्यांकडे पिशवीचं दूध. आमची पिशवी रोज मीच आणतो.