ओहायोतलं पान

बॉस्टन, १६ जानेवारी २००५

ती. शोभनाआत्यास,
रुचाचा सा. न. वि. वि.

तिळाच्या वड्या पोचल्या. निम्म्या माझ्या रूममेटनेच संपवल्या.

मी नेमकं काय शिकते, असं तू विचारलंस. सातशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका मठात एका ननने कातड्यावर हाताने लिहिलेलं स्तोत्रांचं पुस्तक होतं. मागच्या शतकात कुणा व्यापाऱ्याने ते फाडलं आणि एकेक पान वेगळं विकलं. अमेरिकाभर विखुरलेली ती पानं शोधून पुन्हा क्रमाने लावणं, हीच माझी पीएच.डी. लिहिणारीचं नाव शेवटच्या पानावर असणार. ते पान आता ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात सापडलंय, पण कॉलेज मार्चमध्ये ते विकणार आहे. कुणाच्या घरात गेलं की कायमचं गेलं.

त्यात बर्फावर घसरून माझा उजवा हात प्लास्टरमध्ये. ड्राइव्ह करता येत नाही. हे पत्रही डाव्या हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाल. मला तिथे घेऊन चला, असं बाबांना विचारायची सोय नाही. मी सॉफ्टवेअरचा जॉब सोडल्यापासून ते माझा आवाज ऐकला की फोन आईकडे देतात. तू त्यांना लिहिशील का?

तुझी,
रुचा

नागपूर, २९ जानेवारी २००५

चि. रुचा,
अनेक आशीर्वाद.

हात जप. मी नरेंद्रला लिहिणार नाही, तूच विचार.

तो रागावलेला नाही गं, घाबरलाय. २००१ साली त्याची नोकरी गेली होती. तुला कळू नये म्हणून कित्येक महिने तो रोज सकाळी टाय लावून निघायचा आणि तुमच्या गावातल्या, श्रूजबरीच्या लायब्ररीत जाऊन बसायचा. तुझ्या आईला आणि मलाच ठाऊक होतं. तशी वेळ तुझ्यावर येऊ नये, एवढंच त्याच्या मनात आहे. मी सांगितलं, हे मात्र बोलू नकोस.

पोटभर जेवत जा.

तुझी,
शोभनाआत्या

श्रूजबरी, १२ मार्च २००५

ती. शोभनाताईस,
नरेंद्रचा शि. सा. नमस्कार.

रुचाला ओहायोला नेऊन आणलं. तिने फोनवर सरळच विचारलं. नाही म्हणायची सगळी कारणं तयार होती, आणि मी हो म्हणून बसलो.

पान पाहिलं. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. रुचाने अर्थ सांगितला: हे मार्गरीटने लिहिलं, थंडीने बोटं आखडली होती, वाचणाऱ्याने तिच्यासाठी प्रार्थना करावी.  लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, विक्री ठरली आहे, त्यांच्या हातात काही नाही.  मग मीच डीनच्या ऑफिसात गेलो.

म्हणालो, ‘माझी मुलगी तीन वर्षं हे पान शोधतेय. विकण्याआधी एकदा तिचं ऐकून घ्या.’

त्यांनी तासभर रुचाचं ऐकून घेतलं. काल कळलं, विक्री थांबवलीय. पान अभ्यासासाठी रुचाच्या युनिव्हर्सिटीला देणार आहेत.

परत येताना मी तिला २००१ चं सगळं सांगितलं. तिला आधीच माहीत असावं, असा मला संशय आहे. पण तिने मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकलं.  मग मीच विचारलं, अजून कुठली पानं राहिलीत? एक नेब्रास्कात आहे म्हणे.

मे महिन्यात रजा टाकली आहे.

तुझा हात डोक्यावर आहे, तो तसाच राहू दे.

तुझा,
नरेंद्र