होटगीच्या शेतातलं विमान

११ फेब्रुवारी १९७४, सोमवार

वाईट जागी पडलंय! होटगीपासून दोन मैलांवर, काळ्या रानात, ऐन ज्वारीत. हवाई दलाचं, शिकाऊ वैमानिकांचं विमान. चालवणाऱ्याचं खरचटण्यावर निभावलं. ट्रकनं न्यावं तर रेल्वेच्या मोरीतून पंख जात नाहीत. पंख सोडवावेत तर बोल्ट वाकून अडकलेत. आमच्या तुकडीचे प्रमुख, वॉरंट साहेब म्हणाले, अख्खंच उचलू. वर हेलिकॉप्टर, खाली तारेचा दोर, दोराला विमान. मला हे मुळीच पटलेलं नाही. गेल्या वर्षी याच कामात आमच्या एकाचा हात गेला.

तुकडीत मराठी येणारा मी एकटा, जेऊरचा. म्हणून गावाशी बोलायचं काम माझ्याच गळ्यात.

१२, मंगळवार

शेताचा मालक गुरुबसप्पा. ज्वारी आडवी झाली तरी उलट आम्हालाच ताक पाजतो! त्याला सांगितलं, गुरुवारी शेतात कोणी थांबायचं नाही. हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं पत्रे उडतात, जनावरं बुजतात.

"मग बैलं कुटं न्यायची?"

"लांब न्या की. माळावर."

"व्हय, ते बरं हाय," म्हणाला.

१३, बुधवार

दिवसभर पंखांवर आडव्या फळ्या बांधल्या. त्या नसल्या तर लटकलेलं विमान वारा धरतं, आपणच उडायला बघतं — वर जाऊन हेलिकॉप्टरलाच धडकायचं! प्रत्येक गाठ दोनदा तपासली. जेवण गेलं नाही. भीती वाटते, खोटं कशाला लिहू?

१४, गुरुवार. सकाळ

हेलिकॉप्टरच्या पायलट साहेबांनी हिंदीत समजावलं — विमान झोके घ्यायला लागलं तर गावावरून नेणार नाही, माळावर सोडून देईन, तिथे कोणी नसतं. मी मान डोलावली. माझं सगळं लक्ष हुकाकडे. हेलिकॉप्टरच्या अंगात वीज साठते. ती आधी सळईनं जमिनीत उतरवायची, मगच हुकाला हात. विसरलो तर संपलो.

दुपार

जिवंत आहे! धुळीत डोळे उघडत नव्हते, पण हुक लागला. विमान शंभरेक फूट चढलं. मग शेपूट फिरायला लागली, झोका वाढतच गेला. हेलिकॉप्टर टेकाडामागे माळाकडे वळलं आणि परत आलं ते रिकामंच. साहेब सुखरूप, गावात कोणाला ओरखडा नाही. विमान गेलं तर गेलं! वॉरंट साहेबांनी पाठ थोपटली. चार दिवसांनी पोटभर जेवलो.

१५, शुक्रवार

काल दिवेलागणीला बैल एकटेच घरी आले. गुरुबसप्पा माळावर बाभळीखाली सावलीला बसला होता. विमान तिथेच पडलं.

आज चौकशी झाली. गाठी विचारल्या, फळ्या विचारल्या, सळई विचारली. माझ्या कामात चूक नाही असं लिहून घेतलं. त्याला माळावर कोणी पाठवलं, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्याची बायको शिवबाई सकाळपासून आमच्या तंबूबाहेर बसून आहे.